शुद्ध हवेची किंमत : धूप, धुरी आणि चिखल्याचा काळा दगड

घरातील हवा सुगंधी करणे आणि ती निर्जंतुक करणे या आज आपल्याला दोन वेगळ्या क्रिया वाटतात. पहिली रसिकतेच्या प्रांतातली, दुसरी आरोग्यखात्याच्या. पूर्वी ही सीमारेषा इतकी स्पष्ट नव्हती. देवापुढे धूप आणि बाळंतिणीच्या खोलीत धुरी, असे दोन शब्द मराठीने जवळजवळ ठेवले, यामागे वास आणि आरोग्य यांचे जुने नातेच आहे.

सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी असे सांगितले आहे. हेतू होता रोग्याला पीडणाऱ्या राक्षसादी शक्तींना दूर ठेवण्याचा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ रचला. मराठी स्त्रियांच्या ओवीचा उल्लेख ज्या ग्रंथात सापडतो तोच हा ग्रंथ. त्यात धूप हा राजाच्या उपभोगांपैकी एक आहे. पुढे प. कृ. गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या सुगंधशास्त्रावरील ग्रंथाचे हस्तलिखित प्रकाशात आणले, आणि त्यावर मराठी टीका आहे ही बाब साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. आपली भाषा केवळ भक्तीची आणि बखरींची नव्हती. गंधद्रव्ये कशी सिद्ध करावीत हेही ती समजावून सांगत होती.

युरोपातही दुर्गंध म्हणजेच रोग अशी समजूत होती. त्यामुळे तिथल्या आरंभीच्या शोधांचे लक्ष्य वास हेच होते. १७७३ मध्ये दिजाँ येथील चर्चच्या तळघरातील प्रेतांच्या दुर्गंधीवर गितों द मोर्व्हो या रसायनज्ञाने मीठ आणि गंधकाम्ल यांपासून निघणाऱ्या आम्लवाफेचा प्रयोग केला. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या शेलेने पायरोल्युसाइट या काळ्या खनिजावर, म्हणजे मँगॅनीज डायऑक्साइडवर, मिठाच्या आम्लाची क्रिया करून एक हिरवट, गुदमरवणारा वायू मिळवला. तो क्लोरीन. गितोंने पुढे याच वायूचा पुरस्कार केला आणि १८०१ मध्ये हवा निर्जंतुक करण्याच्या साधनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये कारमायकेल स्मिथ यांनी नायट्रिक आम्लाच्या वाफा जहाजांवर वापरल्या. त्याबद्दल १८०२ मध्ये पार्लमेंटने त्यांना ५००० पौंडांचे पारितोषिक दिले. अत्तर उडवणारी यंत्रे आणि जंतुनाशक द्रावणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात घराघरांत गेली. त्यांपैकी ‘काँडीज फ्लुइड’ हे द्रावण परमँगनेटचे, म्हणजे पुन्हा मँगॅनीजचेच.

येथे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखल्याकडे वळणे भाग आहे. चिखला मँगॅनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. फर्मर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातील मँगॅनीज साठ्यांवर जो बृहद्‍ग्रंथ सिद्ध केला, त्यात मध्य प्रांतातील या पट्ट्याची नोंद सविस्तर आहे. मात्र चिखल्याच्या दगडाने कुणाच्या दिवाणखान्याची हवा शुद्ध केली असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. या पट्ट्यातील खाणकाम १९०० च्या सुमारास सुरू झाले, तोपर्यंत क्लोरीन बनवण्याच्या नव्या रीती निघाल्या होत्या आणि मँगॅनीजचे मुख्य गिऱ्हाईक पोलादाचे कारखाने बनले होते. तरीही ज्या धातूने ‘शुद्ध हवा’ ही आधुनिक कल्पना घडवली, तो जमिनीतून काढणाऱ्यांचे जगणे या इतिहासाबाहेर ठेवता येत नाही.

कारण त्याच कल्पनेची दुसरी बाजू १८३७ मध्ये ग्लासगोत जॉन कूपर या वैद्याने नोंदवली. विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, तयार करण्यासाठी मँगॅनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांची चाल बिघडत होती, पायांतील बळ जात होते, आवाज क्षीण होत होता. दुसऱ्यांची वस्त्रे शुभ्र आणि दुसऱ्यांची घरे निर्मळ करणारी भुकटी दळणाऱ्याच्या श्वासावाटे त्याच्या मज्जासंस्थेत शिरत होती.

महाराष्ट्राला हा विषय खऱ्या अर्थाने कळला तो १८९७ मध्ये. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लागलीच गटारांत कार्बोलिक आम्ल ओतले गेले, घरे धुतली गेली. पुण्यात रँडच्या अमलाखाली सैनिक घरांत, देवघरांत शिरले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आणि पुढच्याच वर्षी सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरांवरील पिसवांतून पसरतो. म्हणजे ज्या हवेच्या, भिंतींच्या आणि सामानाच्या शुद्धीसाठी घराची मर्यादा मोडली, तिच्यात रोगाचे मुख्य कारण नव्हतेच. शास्त्र चुकू शकते, हे समजण्यासारखे आहे. चुकीच्या शास्त्राला बंदूक लाभली, हा प्रश्न वेगळा.

या साऱ्या प्रकरणातून एक गोष्ट निघते. हवा शुद्ध करण्याचा इतिहास आपण शोधांच्या यादीसारखा वाचतो. प्रत्यक्षात ती ‘शुद्ध’ कुणासाठी आणि कुणाच्या श्वासावर, याचाच तो इतिहास आहे. धुरी देणारी सुईण बाळंतिणीच्या खोलीत तोच धूर स्वतःही घेत असे. ग्लासगोच्या कारखान्यात मात्र शुद्धी एकाकडे आणि धूळ दुसऱ्याकडे गेली. चिखल्याच्या भूमिगत खाणीत खाली हवा पोहोचवावी लागते, आणि धातूंच्या खाणींसाठीच्या १९६१ च्या नियमावलीत वायुवीजनाची स्वतंत्र तरतूद आहे. सुगंधाच्या इतिहासाच्या कडेला कुणी टीप लिहिलीच, तर ती या तरतुदीची असावी.