वखारीतील फळी आणि परमुलखातील अरण्ये



आपल्याकडील जुन्या माणसाच्या लेखी लाकूड म्हणजे साग. लातूरकडच्या माळवदाच्या घरांचा भार लाकडी खांबांवर व तुळयांवर असे. नांदेडला तर १९५६ साली किनवट तालुका आदिलाबादेतून मिळाला, तो सागाचे रान घेऊनच. आता घरे सिमेंटची झाली. पण स्लॅबच्या सेंट्रिंगला आणि मालाच्या खोक्यांना फळी लागतेच. ही फळी पुष्कळदा फिकट व हलकी असते. ती पाइनच्या जातीची, म्हणजे मऊ लाकडाची. ती येते कोठून, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी हिंदुस्थान आणि चीन या दोन देशांचा व्यवहार शेजारी शेजारी ठेवून पाहू.

दोघांचीही सुरुवात एकाच तऱ्हेची आहे. आपल्याकडे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर आराखड्यावाचून जंगलतोड करण्यास मनाई केली. चीनमध्ये १९९८ साली यांगत्से नदीला प्रचंड पूर आला. डोंगर उघडे पडल्याने पुराचा जोर वाढला, हे ओळखून तेथील सरकारने नैसर्गिक अरण्यांतील तोड मोठ्या भागात बंद केली. गोदावरीचा पूर पाहिलेल्या नांदेडकरांना त्याचे मर्म निराळे सांगावयास नको.

पण तोड थांबली, तरी गरज थांबली नाही. चीनची ओंडक्यांची आयात १९९७ साली सुमारे ४५ लाख घनमीटर होती, ती २००७ साली सुमारे ३ कोटी ७० लाखांवर गेली. त्यातील बहुतांश मऊ लाकूड रशियाच्या अरण्यांतून आले. आपली ओढ मात्र सागाकडे. ब्रह्मदेश १९३७ साली हिंदुस्थानापासून वेगळा झाला. तोवर तिकडचा साग परदेशी मालही नव्हता. मऊ लाकडाचा व्यापार आपल्याकडे मागाहून वाढला. न्यूझीलंडचे पाइनचे ओंडके कांडला बंदरात उतरू लागले आणि शेजारच्या गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जाऊ लागले.

पुढे काय झाले? ज्यांच्या रानावर ही भिस्त होती, त्यांनीही दारे लावून घेतली. रशियाने २००७ पासून निर्यातकर चढवीत नेला आणि २०२२ च्या आरंभी मऊ लाकडाच्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. ब्रह्मदेशाने २०१४ च्या एप्रिलात सागाचे ओंडके रोखले. चीनला अखेर न्यूझीलंडकडेच वळावे लागले.

न्यूझीलंडचे दार उघडे का राहिले? तेथला रेडिएटा पाइन मूळचा त्या देशाचा नव्हेच; तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. १९२० नंतर त्यांनी तो मोठ्या प्रमाणावर लावला. सुमारे २५ ते ३० वर्षांत तो तोडावयास येतो, आणि मग पुन्हा लावला जातो. रशियाने व ब्रह्मदेशाने विकले ते मुख्यतः आयते रान. न्यूझीलंड विकतो ते पीक.

या इतिहासाचे तात्पर्य एवढेच. आपले रान राखले म्हणजे कुऱ्हाड थांबली असे नव्हे. ती परमुलखात गेली. किनवटचा साग राखणे हे निम्मे काम होय. उरलेले निम्मे आपल्या बांधावर आणि पडीक माळावर करावयाचे आहे. घरासाठी फळी घेताना तिचे गाव विचारावे, आणि तिच्या बदली आपण काय लावले, हेही स्वतःला विचारावे.