पडद्यावरील मराठी : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

संगणक घरोघर आल्यापासून मराठी कुटुंबांतून अनेक प्रश्न विचारले जातात. छापयंत्राची शाई इतकी लौकर कां संपते, हा त्यांपैकीं एक. टॅब्लेट घ्यावा कीं संगणकच बरा, हा दुसरा. परंतु या सर्वांहून जुना आणि केवळ आपल्या लिपीमुळेंच उद्भवलेला असा एक प्रश्न आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं टंकून ठेवलेला एखादा कुलवृत्तांत, एखाद्या संस्थेचें इतिवृत्त किंवा अप्रकाशित कथासंग्रह नव्या संगणकावर उघडावा, तों पडद्यावर मराठीचें एकहि अक्षर दिसूं नये. रोमन अक्षरें, उद्गारचिन्हें आणि कंस यांची नुसती खिचडी दिसावी! मजकूर नष्ट झाला काय? यंत्रांत बिघाड झाला काय? दुकानदार दोनच शब्दांत उत्तर देतो : "फाँट नाहीं." उत्तर खरें आहे, पण तेवढ्यानें कोणाचें समाधान होत नाहीं. त्या दोन शब्दांमागें मोठा इतिहास आहे, आणि तो समजला म्हणजे त्या मजकुराचें पुढें काय करावें हेंहि समजतें.

मराठी अक्षर यंत्राच्या स्वाधीन करण्याचा उद्योग संगणकापासून सुरू झाला नाहीं. १८०५ सालीं श्रीरामपूर येथें विल्यम केरीचें मराठी व्याकरण छापलें गेलें, त्यांत देवनागरी खिळे वापरलेले होते. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. पुढें १८६९ सालीं जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना स्थापिला, आणि तेथील अक्षरांची सुबकता हा देशभर कौतुकाचा विषय झाला. या सर्वांपुढें अडचण मात्र एकच होती. इंग्रजीचें काम थोरलीं-धाकटीं मिळून बावन्न अक्षरें आणि थोडीं चिन्हें यांवर भागतें. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे लागत. ते जुळविणाऱ्या जुळाऱ्याचें कौशल्य वर्षानुवर्षांच्या सवयीनेंच येई. परंतु या जुन्या व्यवस्थेंत एक मोठी सोय होती, आणि ती इतकी स्वाभाविक होती कीं तिच्याकडे कोणाचें लक्षहि गेलें नाहीं. कागदावर एकदां उमटलेलें अक्षर वाचण्यासाठीं वाचकाजवळ तो खिळा असावा लागत नसे. निर्णयसागरचें पुस्तक रत्नागिरीस वाचा कीं इंदुरास वाचा, अक्षर तेंच दिसे.

संगणक आला आणि ही सोय नाहींशी झाली. कारण संगणक अक्षर सांठवीत नाहीं, तो अंक सांठवितो. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर, असा करार आधीं ठरलेला असावा लागतो. अमेरिकेंत असा एक करार १९६३ सालीं ठरला. त्याचें नांव आस्की. त्यांत १२८ जागा होत्या. इंग्रजी मोठ्या ए या अक्षरास ६५ हा अंक मिळाला आणि तो आजतागायत कायम आहे. इंग्रजी अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि यंत्राच्या अंतर्गत सूचना यांतच त्या १२८ जागा भरल्या. देवनागरीचा त्यांत विचारहि नव्हता. पुढें संगणकांतून २५६ जागांची सोय झाली तेव्हांहि वरच्या १२८ जागांत युरोपांतील इतर भाषांचीं अक्षरें बसलीं.

अशा स्थितींत मराठी पडद्यावर आणावयाची कशी? एक सोपी युक्ति निघाली. अंक इंग्रजीचेच ठेवावयाचे, पण त्या अंकांवर जी आकृति उमटते ती बदलून टाकावयाची. म्हणजे संगणकाच्या समजुतीप्रमाणें तो इंग्रजी अक्षर लिहीत असतो. आकृतींचा जो संच, ज्यास फाँट म्हणतात, त्यांत मात्र त्या जागीं एखादें मराठी अक्षर किंवा अर्धें अक्षर काढून ठेवलेलें असतें. हा एक प्रकारें मुखवटाच होता. मुखवटा चढविलेला असेपर्यंत मराठी दिसे. तो उतरला कीं खालचा रोमन चेहरा उघडा पडे. श्रीलिपि, आकृति, शिवाजी, कृतिदेव अशीं अनेक नांवें त्या काळांत प्रचारांत आलीं. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत अनेक कामें अशा संचांवर होऊं लागलीं. त्यांचे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु प्रत्येकाची मांडणी निराळी होती. एका संचांत ज्या अंकावर 'क' असे, त्याच अंकावर दुसऱ्यांत भलतेंच अक्षर असे. परिणाम असा झाला कीं एका विक्रेत्याचा संच घेतलेला ग्राहक दुसऱ्याकडे सहज जाऊं शकेना, आणि एका छापखान्यांत टंकलेला मजकूर दुसऱ्या छापखान्यांत जसाच्या तसा चालेना. वाचकाजवळहि तोच खिळा असावा लागावा, अशी ही विलक्षण अवस्था होती.

एकच करार असावा हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें, असें मात्र नव्हे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या दशकांत भारतीय लिपींसाठीं जिस्ट नांवाचें तंत्र विकसित झालें. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरविला. त्यांत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनें उजव्या हाताला आहेत, व एका भारतीय लिपींत शिकलेला हात दुसऱ्या लिपींतहि चालतो. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि जिस्टचें कार्य तेथें पुढें चाललें. इस्की या नांवाचा अंकांचा करार १९८८ सालीं तयार झाला आणि १९९१ सालीं त्यास भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याचें तत्त्व मोठें सुंदर होतें : देवनागरी 'क', बंगाली 'क', कन्नड 'क' या सर्वांना एकच अंक. कारण आकृति निरनिराळी असली तरी वर्ण एकच आहे. वर्ण आणि आकृति यांतील हा भेद पाणिनीच्या देशास नवा नव्हता. बाजारास मात्र तो नवा होता. छापखान्यांना हवी होती डोळ्यांना सुखावणारी आकृति, आणि ती देणारे संच हाताशीं होते. करार कागदावर राहिला नाहीं, पण सर्वत्र पसरलाहि नाहीं.

त्याच १९९१ सालीं जगांतील सर्व लिपींसाठीं युनिकोड या कराराची पहिली आवृत्ति निघाली. त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. 'क' या अक्षरास त्यांत २३२५ हा अंक आहे, आणि तो अंक दुसऱ्या कोणत्याहि लिपींतील कोणत्याहि अक्षरास नाहीं. शिवाय अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठवावीं, असा नियम ठरला. 'किती' या शब्दांतील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस 'क'च्या आधीं दिसते, म्हणून जुने संच ती आधींच सांठवीत; युनिकोडांत 'क' आधीं आणि वेलांटी नंतर. ती दाखवितांना डावीकडे नेण्याचें काम यंत्रानें करावयाचें. जुना मजकूर नव्या पद्धतींत आणतांना वेलांट्या आणि रफार कां घसरतात, याचें कारण या एका फरकांत आहे.

मराठीच्या कांहीं गरजा हिंदीहून वेगळ्या आहेत, त्याहि हळूहळू पदरांत पडल्या. आचार्यांस दक्षिणा देणें निराळें आणि आचाऱ्यांस देणें निराळें. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा आडवा रफार हिंदीस लागत नाहीं, मराठीचें मात्र त्यावांचून चालत नाहीं. युनिकोडांत तो लिहिण्याच्या दोन रीति झाल्या आणि दोहोंचें रूप पडद्यावर सारखेंच दिसतें. म्हणूनच समोर दिसत असलेला शब्द शोधला असतां कधीं कधीं सांपडत नाहीं. डोळ्यांस तो एकच असतो, यंत्रास दोन असतात. 'ॲ' हें अक्षर तर स्वतंत्र अंक घेऊन २००८ सालीं दाखल झालें.

करार झाल्यावरहि तो घरापर्यंत येण्यास दहा वर्षें लागलीं. २००० सालीं निघालेल्या विंडोज २००० मध्यें देवनागरीची सोय आली. तिच्यासोबत आलेला मंगल हा अक्षरसंच मुंबईचे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनीं घडविला होता. २००३ सालीं मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढें भ्रमणध्वनींतहि देवनागरी उमटूं लागली, आणि २०१७ सालीं गूगलनें बोललेली मराठी टंकून देण्याची सोय केली. छापखाने मात्र मागें राहिले. १९८५ सालीं निघालेला पेजमेकर त्यांच्या हातीं पक्का बसला होता. २००१ सालीं त्याची शेवटची आवृत्ति निघाली, आणि युनिकोड त्यास अखेरपर्यंत समजलें नाहीं. म्हणून घरीं शुद्ध लिहिलेली पत्रिका छापखान्यांत गेल्यावर जुन्या संचांत उलटविली जाई, व जोडाक्षरें तुटत. आजहि जेथें असें रूपांतर होतें, तेथें मुद्रित रूपांतरानंतर तपासावें, आधीं नव्हे. स्वतःची मांडणी तशीच टिकावी अशी इच्छा असेल तर पीडीएफ करून द्यावें, कारण त्यांत आकृति मजकुरासोबतच बांधून पाठवितां येतात.

नव्यानें टंकणें शिकणाऱ्यानें कोणता कळफलक घ्यावा, हा प्रश्न आतां फारसा बिकट नाहीं. इन्स्क्रिप्टला आरंभीं आठ-पंधरा दिवसांचे कष्ट पडतात, पुढें हात वेगानें चालतो. रोमन लिपींतून उच्चारानुसार टंकणें पहिल्याच दिवशीं जमतें. कोणत्याहि वाटेनें गेलें तरी सांठविला जाणारा अंक युनिकोडचाच असेल, तर मजकूर सुरक्षित आहे.

खरा प्रश्न उरतो तो मधल्या काळाचा. सुमारें वीस वर्षें मराठी माणसानें जें जें संगणकावर लिहिलें, त्यांतील पुष्कळसें मुखवट्याच्या मराठींत आहे. आस्थेनें लिहिलेल्या आठवणी, गांवोगांवचे इतिहास, लहान मासिकांचे अंक, या साऱ्यांच्या फाइली जुन्या तबकड्यांवर पडून आहेत. त्या नष्ट झालेल्या नाहींत. त्यांची किल्ली हरवत चालली आहे. ती किल्ली म्हणजे त्या संचाचें नांव आणि तो संच. म्हणून अशी फाइल सांपडल्यास ती प्रथम जशीच्या तशी उतरवून ठेवावी. साधा मजकूर म्हणून ती पुन्हां सांठवूं नये, कारण तसें करतांच संचाचें नांव पुसलें जातें. जुन्या संगणकांत तो संच असेल तर त्याचीहि प्रत घ्यावी, मगच संगणक भंगारांत द्यावा. त्यानंतर परिवर्तकाच्या साहाय्यानें मजकूर युनिकोडांत आणावा आणि एकदां संपूर्ण वाचून वेलांट्या, रफार, जोडाक्षरें सुधारावीं. संच मिळेनासा झाला, पण छापील प्रत घरांत असली, तर तिचें छायाचित्र घेऊन त्यावरून अक्षरें ओळखणारे कार्यक्रम आतां मराठीसहि उपलब्ध आहेत.

हें काम कोणा एका संस्थेच्या आवांक्यांतील नव्हे, कारण त्या फाइली कोठें आहेत हें त्या-त्या घरासच ठाऊक आहे. ज्यांनीं हा मजकूर टंकला त्यांपैकीं पुष्कळ जण आज वृद्ध आहेत. कोणता संच वापरला होता हें त्यांना अद्याप आठवतें. तोंवरच त्यांना विचारून घेणें बरें.