बॉम, लायमन फ्रँक
(१५ मे १८५६–६ मे १९१९). अमेरिकन बालसाहित्यकार व नाटककार. न्यूयॉर्क राज्यातील चिटनँगो ह्या गावी जन्म. आरंभीचा ओढा रंगभूमीकडे. ‘द मेड ऑफ ॲरन’ (१८८२) हे नाटक लिहून त्यात त्याने भूमिकाही केली. पुढे दुकानदारी, वृत्तपत्र संपादन आदी व्यवसाय केल्यानंतर ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ (१९००) ह्या अद्भुतकथेने त्याला कीर्ती लाभली.

वावटळीत सापडून कॅन्झसमधून ऑझ ह्या अद्भुत देशात गेलेली डॉरथी आणि बुद्धी, हृदय व धैर्य ह्यांच्या शोधात निघालेले अनुक्रमे बुजगावणे, पत्र्याचा लाकूडतोड्या व भित्रा सिंह, ही ह्या कथेतील प्रमुख पात्रे. त्यांची रूपे पाहताक्षणी ओळखू येणारी आणि उणिवा सहज कळणाऱ्या असल्यामुळे ती रंगमंचास व पडद्यास विशेष मानवली.

शिकागो येथे १९०२ मध्ये रंगभूमीवर आलेले ह्या कथेचे संगीतरूप पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही गाजले. दिग्दर्शक जूलियन मिचेल ह्याने प्रौढ प्रेक्षकांसाठी त्यात बरेच फेरफार केले. डॉरथीच्या कुत्र्याच्या जागी गाय आली. मात्र बॉमचे स्वतःचे पुढील प्रयोग त्याला महागात पडले. निवेदन, चित्रपट, रंगीत काचचित्रे व वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालणाऱ्या कार्यक्रमाच्या (१९०८) खर्चामुळे तो कर्जबाजारी झाला व १९११ मध्ये त्याने दिवाळे जाहीर केले. हॉलिवुडमध्ये १९१४ साली स्थापन केलेली त्याची चित्रपटसंस्थाही अल्पजीवी ठरली.

त्याच्या मृत्यूनंतर व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शित ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) ह्या चित्रपटात जूडी गार्लंडने डॉरथीची भूमिका केली. कॅन्झस तपकिरी छटेत व ऑझ टेक्निकलरमध्ये दाखविल्याने वास्तव व अद्भुत ह्यांतील भेद दृश्य झाला. मूळ कथेतील रुपेरी पादत्राणे येथे माणकांची झाली आणि खराखुरा ऑझ देश डॉरथीचे स्वप्न ठरला. प्रथम प्रदर्शनात खर्च भरून न निघालेला हा चित्रपट १९५६ पासून दूरचित्रवाणीद्वारे घरोघरी पोहोचला.

त्याच वर्षी मूळ पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपला व नव्या रूपांतरांचा मार्ग मोकळा झाला. ‘द विझ’ (१९७५) ह्या संगीतिकेने ही कथा कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातून मांडली. तिच्यावर १९७८ मध्ये चित्रपटही निघाला. ग्रेगरी मग्वायरच्या कादंबरीवर (१९९५) आधारलेल्या ‘विकेड’ (२००३) ह्या संगीतिकेत दुष्ट चेटकीणच नायिका झाली. तिचे चित्रपटरूप २०२४ व २०२५ मध्ये दोन भागांत प्रदर्शित झाले. ह्या चेटकिणीचे एल्फबा हे नाव मग्वायरने बॉमच्या आद्याक्षरांवरून घडविले. बॉमला स्वतःच्या हयातीत नाट्य-चित्रपट व्यवसायात स्थैर्य लाभले नाही. तथापि प्रत्येक पिढीला आपल्या परीने पुन्हा रचता येईल असे कथाविश्व त्याने ह्या दोन्ही कलांना दिले.