पायांच्या फुगलेल्या नीला आणि व्यायामाची मर्यादा

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आज एक लहानसे गाव आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'तगर' या नावाने त्याची कीर्ती पाश्चात्त्य व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हे नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद असून, तेथील कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदरी जात असे, असेही त्यात म्हटले आहे. त्याच शतकात रोममध्ये सेल्सस हा ग्रंथकार एका जुनाट व्याधीवर उपाय लिहून ठेवीत होता. ती व्याधी म्हणजे पायांवरील फुगलेल्या, वेड्यावाकड्या नीला. आज आपण ज्यांस 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतो त्याच. उपाय दोनच होते: डागणे, नाहीतर कापून काढणे.

हे उपाय किती दारुण होते, याची साक्ष प्लूटार्कने दिली आहे. मारियस नामक रोमन सेनानीने बांधून न घेता एका पायावर शस्त्रक्रिया करवून घेतली. दुसरा पाय मात्र त्याने वैद्याच्या स्वाधीन केला नाही. मिळणारा गुण त्या वेदनेच्या मोलाचा नाही, असे त्याचे मत पडले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'सिराग्रंथी' या विकाराचे वर्णन आहे. दुर्बल मनुष्याने झेपणार नाही असा व्यायाम केला असता वायू शिरांचे जाळे आकुंचित करून उंच, गोल ग्रंथी उत्पन्न करतो, असे तेथे म्हटले आहे. ही मीमांसा आज जशीच्या तशी ग्राह्य धरता येणार नाही. तथापि त्याच संहितेने व्यायामाचा निषेध केलेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. व्यायाम नित्य करावा, परंतु आपल्या बळाच्या निम्म्यानेच करावा, असा तिचा उपदेश आहे.

रोगाचे खरे मर्म उमगावयास सतरावे शतक उजाडावे लागले. इटलीतील पादुआ येथील फाब्रिसियस याने १६०३ साली नीलांमधील झडपांवर ग्रंथ लिहिला. रक्त खाली एकदम साचू नये म्हणून त्या असाव्यात, एवढाच त्याचा तर्क होता. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने मात्र ओळखले की, या झडपा रक्तास हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, उलट फिरू देत नाहीत. १६२८ साली त्याने रुधिराभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला.

हृदय रक्त खाली ढकलते हे खरे. परंतु ते पायांतून वर चढविण्याचे काम मुख्यत्वे पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताच ते आवळतात, खोल नीला दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. स्नायू सैल पडले की झडपा मिटतात व सरकलेले रक्त मागे येत नाही. झडपा निकामी झाल्या की ते खाली उतरून साचते व नीला फुगतात. म्हणून तासन् तास एका जागी उभे राहणारा शिक्षक, दुकानदार वा यंत्रावरचा कामगार यांस हा विकार अधिक जाचतो. अपकार करते ते निश्चल उभे राहणे, चालणे नव्हे.

उपचारांचा पुढील इतिहास याच तत्त्वाभोवती फिरतो. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रिचर्ड वाइजमनने नाडीने आवळावयाचा चामडी मोजा वापरला. १८९० च्या सुमारास जर्मनीच्या ट्रेंडेलेनबुर्गने मांडीतील नीला बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पेर्थेसने रुग्णाच्या मांडीस पट्टा बांधून त्यास चालावयास लावले व चालताना फुगीर नीला रित्या होतात की नाही, यावरून खोल नीलांची परीक्षा केली. पुढे कॉनरॅड जॉब्स्ट या अमेरिकेतील अभियंत्यास, जो स्वतः याच व्याधीने पीडित होता, तलावात उभे राहिले असता आराम वाटला. पाण्याचा दाब घोट्याशी अधिक व वर कमी असतो, हे जाणून त्याने १९५० च्या सुमारास त्याच प्रमाणाचे दाब-मोजे सिद्ध केले. आता लेसरने व उष्णतेने नीला बंद करता येते, आणि रुग्णास बहुधा त्याच दिवशी चालावयास सांगतात.

या इतिहासाचे व्यवहारातील मोल धाराशिव जिल्ह्यात सहज प्रत्ययास येते. कोजागरीच्या पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापुरास सुमारे ४५ किलोमीटर पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. त्यांत फुगलेल्या नीलांचे स्त्रीपुरुषही असणारच. त्यांनी भिऊन घरी बसावे असे नाही. परंतु वर्षभर बसून राहून एका रात्रीत एवढी मजल मारणे शहाणपणाचे नव्हे. काही आठवडे आधीपासून अंतर क्रमाने वाढवावे. वाटेत थांबल्यास ताटकळत उभे राहू नये. बसून पाय उंच ठेवावेत व घोटे हलवावेत.

धावण्याचेही तसेच. चालणे, पोहणे व सायकल उत्तम. धावणे मऊ मातीवर, बेताने. श्वास कोंडून जड वजन उचलल्यास पोटातील दाब वाढतो व नीलांवर ताण पडतो, म्हणून ते टाळावे. दाब-मोजे उपयोगी खरे, पण मधुमेह असणाऱ्यांनी वा ज्यांच्या पायांच्या रोहिणी अरुंद झाल्या आहेत त्यांनी वैद्याला विचारल्यावाचून ते घालू नयेत. मात्र व्यायामाने निकामी झडपा पूर्ववत होत नाहीत, हेही विसरू नये.

एकच पाय अकस्मात सुजला, दुखू लागला, ऊन लागला, तर व्यायाम थांबवून त्वरित वैद्य गाठावा. नीलेत रक्त गोठल्याचे ते चिन्ह असू शकते. त्यातच धाप लागली वा छातीत दुखले, तर तडक रुग्णालयात जावे. नीला फुटून रक्त वाहू लागल्यास आडवे व्हावे, पाय उंच करावा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे आणि वैद्यास बोलवावे. घोट्याजवळची त्वचा काळवंडली किंवा जखम भरेना, तरीही उपेक्षा करू नये.

मारियससमोर वेदना व व्याधी एवढेच दोन मार्ग होते. आजच्या मनुष्यास तिसरा मार्ग मोकळा आहे. झडपांचे रहस्य कळावयास शेकडो वर्षे लागली; परंतु निम्म्या बळाने, पण नित्य श्रम करावा, हा सुश्रुताचा उपदेश त्या रहस्याच्या उजेडातही उणा ठरलेला नाही.