कंपायलरचे त्रुटिसंदेश ओळखणे

कंपायलरने छापलेल्या मजकुरातून फाइलचे नाव, ओळ आणि कॉलम वेचून कर्सर थेट चुकीच्या जागी नेणारी प्रोग्रॅमरच्या एडिटरमधील सोय. महाराष्ट्रातील कॉलेजांच्या प्रयोगशाळांत ती अनेकांना प्रथम भेटली ती टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर. आल्ट-एफ9 दाबले की खालच्या खिडकीत ‘स्टेटमेंट मिसिंग’ उमटे आणि एंटर मारताच कर्सर त्या ओळीवर जाई. बहुधा अर्धविराम विसरलेल्या नव्हे, तिच्या पुढच्या ओळीवर! मात्र तिथे कंपायलर आणि एडिटर एकाच घरचे असल्याने ओळखण्याची गरजच नव्हती.

कंपायलर वेगळा असला की एडिटरला त्याची छापील अक्षरेच वाचावी लागतात. ग्नू प्रकल्पाच्या संकेतानुसार संदेश ‘फाइल:ओळ:कॉलम: मजकूर’ असा असतो, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ओळ कंसात देतो, पायथन ती ‘लाइन’ या शब्दापुढे लिहितो. त्यामुळे ईमॅक्स हा एडिटर अशा रचनांसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनांची, म्हणजे मजकुराच्या नमुन्यांची, यादीच बाळगतो. व्हिममध्ये हे काम ‘एररफॉरमॅट’ करते. त्यातील क्विकफिक्सची, म्हणजे चुकांच्या यादीतून एकेका चुकीवर जाण्याची, कल्पना अमिगा संगणकावरील अॅझ्टेक सी कंपायलरकडून आली. व्हीएस कोडमध्ये ‘प्रॉब्लेम मॅचर’ असतो. हे सगळे अखेर अंदाजच. लॉगमधली 10:30:15 ही वेळही ढिल्या नमुन्याला फाइल, ओळ आणि कॉलम वाटू शकते, तर विंडोजच्या पत्त्यात ‘सी’ ड्राइव्हपुढचा अपूर्णविराम नमुन्याला चकवतो.

ओळीचा आकडा सहसा दगा देत नाही. खरी गफलत कॉलमची, आणि देवनागरीत ती हमखास उघडी पडते. खटाव तालुक्याच्या गावांची यादी छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अवतरणात ‘वडूज’ लिहिले आणि चूक त्याच ओळीत पुढे असली, तर मध्ये किती जागा मोजायच्या? युनिकोडच्या हिशेबाने व, ड, दीर्घ ऊकार आणि ज अशी 4 चिन्हे. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाचे 3 बाइट, म्हणजे 12. ऊकार ‘ड’खालीच बसत असल्याने टर्मिनलच्या मोजणीत घरे 3. ग्नूचा कंपायलर जीसीसी पूर्वी बाइट मोजत असे. 2021 च्या 11व्या आवृत्तीपासून तो पडद्यावरची घरे मोजतो, आणि हवे तर पर्याय देऊन पुन्हा बाइटही मोजता येतात. ईमॅक्स मुळात घरेच धरून चालतो, त्यामुळे जुन्या जीसीसीचा आकडा त्याने जसाच्या तसा घेतला की कर्सर चुकीच्या जागेपासून 9 घरे पुढे पडे. टॅबचीही तीच तऱ्हा: एक अक्षर, पण पडद्यावर आठ घरांपर्यंत रुंद.

संदेशांची भाषा बदलली तरी ‘एरर’ या शब्दावर बेतलेले नमुने चुकतात. म्हणून बिल्ड चालवताना ‘एलसी_ऑल’ या चलाची किंमत ‘सी’ ठेवून संदेश इंग्रजीतच घेण्याची पद्धत आहे.