मुठींतलें बीं आणि आकाशांतला शब्द

नभोवाणीवरून शब्द दूरवर पाठविण्याच्या क्रियेस इंग्रजींत ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. हें क्रियापद यंत्रशाळेंत जन्मलेलें नाहीं. तें शेतांतून आलें आहे.

‘ब्रॉड’ म्हणजे रुंद आणि ‘कास्ट’ म्हणजे फेकलेलें. पहिला शब्द मूळचा इंग्रजी. दुसरा स्कँडिनेव्हियाच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेंतून आला. त्यानें ‘फेकणें’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदाची जागा घेतली. तें जुनें क्रियापद ‘वार्प’ या रूपानें आज मुरडणें, वांकणें एवढ्याच अर्थानें मुख्यतः उरलें आहे.

इंग्लंडचा शेतकरी पूर्वीं खांद्याला टोपली अडकवून, चालतां चालतां मूठमूठ बीं सर्व रानावर फेकीत असे. १७०१ च्या सुमारास जेथ्रो टल यानें ओळींनीं पेरणारें यंत्र तयार केलें. पुढें दोन्ही रीतींतील भेद दाखविण्यास, हातानें फेकून केलेल्या पेरणीला ‘ब्रॉडकास्ट’ हें विशेषण लागलें. ज्या महाराष्ट्रांत तिफण आणि पाभर घरोघरीं ठाऊक आहे, तेथें हा भेद वेगळा समजावून सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या विशेषणाचें क्रियापद झालें, व बियांप्रमाणें मतें आणि वार्ता पसरविण्यासही तें वापरूं लागले.

मार्कोनीच्या काळीं बिनतारी संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या नेमक्या ठिकाणीं जाण्यासाठीं असे. वाटेंत तो कोणासही ऐकूं यावा, हें त्या विद्येचें न्यूनच होतें. २ नोव्हेंबर १९२० रोजीं अमेरिकेंत पिट्सबर्गच्या केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकेल त्या प्रत्येकासाठीं सांगितले. जें न्यून तेंच सामर्थ्य ठरलें, आणि या कृतीस जुना शेतकी शब्द नेमका बसला. १९२२ सालीं तो ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नांवांत आला. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र मुंबईस सुरू झालें.

शब्दाबरोबर व्याकरणाचा वादही आला. भूतकाळीं ‘ब्रॉडकास्ट’ म्हणावें कीं ‘ब्रॉडकास्टेड’? ‘कास्ट’चें रूप भूतकाळीं बदलत नाहीं, म्हणून पहिलेंच अधिक रूढ झालें.

मराठींतील ‘प्रक्षेपण’ या शब्दांतही ‘क्षिप्’ म्हणजे फेकणें हाच धातु आहे. ओळींत पेरणाऱ्यास आपलें बीं कोठें पडलें हें ठाऊक असतें; मुठीनें फेकणाऱ्यास तें कळत नाहीं. कांहीं काळ्या मातींत पडतें, कांहीं खडकावर. एकदां हातांतून सुटलेलें बीं परत वेंचतां येत नाहीं. म्हणून शहाणा शेतकरी मूठ भरण्यापूर्वींच बीं निवडून घेतो. ध्वनिक्षेपकापुढें बसणाऱ्या वक्त्यास याहून निराळा नियम नाहीं.