सुगरणीच्या खोप्याखाली

आषाढ सरत आला, की कोकणातल्या विहिरींवर आणि देशावरच्या ओढ्यांकाठी एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या किंवा शिंदीच्या शेंड्याला गवताचे हिरवे खोपे लोंबत असतात. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर ते हेलकावे खातात, पण तुटून पडत नाहीत. खोप्यांभोवती पिवळ्या डोक्याचे, चिमणीएवढे पक्षी अखंड कलकलाट करीत असतात. मराठी माणसाने या पक्ष्याला मोठे कौतुकाचे नाव दिले आहे. ते नाव सुगरण. घर नेटके ठेवणारी, हाताला चव आणि बोटाला कसब असणारी गृहिणी ती सुगरण. असा खोपा विणणारी पाखरीण दुसरी कोण असणार, असे लोकांना वाटले, आणि बहिणाबाई चौधरी यांच्या काव्यातही हा खोपा आईच्या मायेची खूण होऊन बसला.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. खोपा विणतो तो नर. मादी येते ती पारख करावयास. रोज डोळ्यांसमोर झुलणाऱ्या घराचा खरा कारागीर कोण, आणि एकाच झाडावर काही खोपे पुरे व काही अर्धवट का राहतात, हे नीट उमगण्यास माणसाला फार काळ लागला. पाखरे दूर रानात राहत होती असे नव्हे. त्यांच्या घरट्यापाशी स्वस्थ बसण्याची विद्या माणसाला यावयाची होती. पक्षिनिरीक्षणाचा इतिहास हा बव्हंशी या विद्येचा इतिहास आहे.

घरट्यांकडे लक्ष देणारी माणसे आपल्या देशात पूर्वीही होती. संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’ म्हणतात. परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. ज्या कोणी हा शब्द प्रथम योजिला, त्याने कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे पिलू वाढताना पाहिलेले असले पाहिजे. कालिदासाच्या काळी ही गोष्ट इतकी सर्वश्रुत होती, की शाकुंतलातील दुष्यंत भर दरबारात तिचा दाखला देतो. पण कोणी, कोठे, किती दिवस पाहिले, याची नोंद मागे राहिली नाही.

अशी नोंद मोगल बादशहा जहांगीर याने ठेविली. त्याची कारकीर्द १६०५ ते १६२७ ही होय. त्याने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती आणि त्यांना लैला व मजनू अशी नावे दिली होती. या जोडीने अंडी घातली तेव्हा बादशहाने त्यांच्यावर बारकाईने नजर ठेविली. रात्री मादी अंड्यांवर बसते आणि नर जवळ उभा राहून पहारा करतो, हे त्याने लिहून ठेविले. अंडे उबण्यास ३४ दिवस लागले, हेही लिहिले. आजच्या निरीक्षकांचा आकडा याहून फारसा वेगळा नाही. पक्षी पाळीव होते हे खरे, परंतु दिवस मोजून पाहण्याची ही वृत्ती शास्त्रज्ञाची होती.

पुढे इंग्रजी अमदानीत या विषयाला व्यवस्थित रूप आले. मुंबईच्या लष्करातील कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. यानंतरचे सर्वांत मोठे नाव म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत, पण हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचा पायाही त्यांनीच भक्कम केला, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. देशभर विखुरलेल्या कलेक्टरांना, लष्करी अंमलदारांना आणि रेल्वेच्या इंजिनिअरांना त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी करण्यास लाविले. डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिलेला लेख १८७८ मध्ये ह्यूमसाहेबांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आला. भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८७३ पासून प्रसिद्ध होऊ लागला. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर, किती उंचीवर घर करतो आणि अंडी किती व कोणत्या रंगाची घालतो, याचे एवढे भांडार पूर्वी कोणीच गोळा केले नव्हते.

हे भांडार गोळा झाले ते मात्र बंदुकीने आणि शिडीने. १८८५ मध्ये ह्यूमसाहेबांनी आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात पक्ष्यांची सुमारे ६३,००० कातडी व सुमारे १८,५०० अंडी होती. त्या काळी पक्षी ‘जाणणे’ म्हणजे त्याला हस्तगत करणे, असाच अर्थ होता. दुर्बिणी ओबडधोबड होत्या. चित्रमय पुस्तके नव्हती. दोन सारख्या दिसणाऱ्या पाखरांतला भेद हातात घेतल्यावाचून ठरविता येत नसे. तेव्हा त्या लोकांना सरसकट निर्दय ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्यांनी जमविलेल्या कातड्यांवरच पुढची सर्व ग्रंथरचना उभी राहिली. जुन्या अंड्यांचा तर असा एक उपयोग झाला, की जो गोळा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. १९६७ मध्ये रॅटक्लिफ या इंग्रज शास्त्रज्ञाने ससाण्यांची जुनी व नवी अंडी ताडून पाहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कवचे पातळ होत गेल्याचे दाखविले. शेतावरच्या डी. डी. टी. सारख्या विषांचा तो परिणाम होता. ते विष ओळखले गेले, ते जुन्या संग्राहकांच्या पेट्यांमुळेच.

तथापि या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. अंडे उचलले, की घरट्याची कथा तेथेच संपते. अंड्याचा रंग कळतो, पण नर कोठे असतो, मादी किती वेळ बसते, पिलांना कोण भरवितो, हे कसे कळावे? संग्राहकाला घरट्याचा पहिला अध्याय तेवढा ठाऊक होई.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांपैकी दोघे आपले होते. एक प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीचे मुखपत्र १८८६ मध्ये निघू लागले. संस्थापकांमध्ये एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मोठे रसिक लेखक होते. ‘ईहा’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जात. त्यांचा जन्मच साताऱ्याचा. १९०० मध्ये त्यांचे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांविषयीचे पुस्तक निघाले. त्यात दुर्मिळ पाखरांचा शोध नव्हता. कावळा, चिमणी, घार, बुलबुल अशा शेजाऱ्यांची ओळख होती. पक्षी पाहण्यास हिमालयात जावे लागत नाही, सकाळच्या फेरफटक्यात दृष्टी उघडी ठेविली तरी पुरते, ही गोष्ट त्यांनी वाचकांच्या मनावर बिंबविली.

पक्षी मारण्याकडून पाहण्याकडे झालेली ही वाटचाल एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयाची असेल, तर डॉ. सालिम अली यांचे चरित्र पाहावे. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईच्या खेतवाडीतला. दहा वर्षांचे असताना त्यांच्या हाती छऱ्याची बंदूक आली. तबेल्यातल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा करी. मुलाने गाडीच्या आडून नेम धरून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला व तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपले. आठवड्याभरात एकाच खिळ्यावरचे आठ नर पडले. मुलाने हे सर्व वहीत टिपून ठेविले. नोंद अचूक होती आणि शिकाऱ्याच्या फुशारकीने लिहिलेली होती. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ती लपविली नाही. याच आत्मचरित्राच्या नावात चिमणी आहे. मात्र ती चिमणी दुसरी. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली ती अनोळखी चिमणी घेऊन १९०८ च्या सुमारास हा मुलगा सोसायटीच्या कचेरीत गेला. चिटणीस मिलर्ड यांनी तिचे नाव सांगितले, संग्रहातली कपाटे उघडून दाखविली, आणि एका आयुष्याची दिशा ठरली.

१९३० मध्ये सालिम अली जर्मनीतून शिक्षण घेऊन परतले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. नोकरी नाही, म्हणून ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळ सुगरणींची वसाहत भरली. बेकारीमुळे हाताशी वेळ होता. त्यांनी खोप्यांजवळ आडोसा केला आणि दिवसचे दिवस त्यात बसून काढले. या वेळी नर टिपावयाचे नव्हते. ते काय करतात, एवढेच पाहावयाचे होते.

जे दिसले ते असे. नर गवताच्या किंवा भाताच्या पात्याला कडेशी चोचीने खाच पाडतो आणि टोक धरून उडतो, तेव्हा लांब धागा सोलून निघतो. असे शेकडो धागे आणून तो फांदीला गाठी मारतो, कडे विणतो आणि त्यावर टोपासारखा घुमट चढवितो. येथे तो थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. त्या एकेका अर्धवट खोप्यात शिरून तो निरखतात. नर पंख फडफडवून अक्षरशः आर्जवे करीत असतात. एखादा खोपा पसंत पडला, की मादी तो ताब्यात घेते. त्यानंतर नर अंड्यांची खोली व खाली उतरणारी नळी पुरी करतो. मादी अंडी घालून एकटीच उबविते. नर मात्र जवळच दुसरा खोपा विणावयास घेतो आणि तो पसंत पडला, की तिसरा. जे खोपे कोणाच्याच पसंतीस उतरत नाहीत, ते अर्धेच लोंबत राहतात. नराने झोके घेण्यासाठी ते बांधिले असावेत, अशी जुनी समजूत होती. वास्तविक ती नापसंत झालेली घरे होत.

१९३१ मध्ये हा अभ्यास सोसायटीच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला आणि सालिम अलींना पक्षिशास्त्रात स्वतःचे स्थान मिळाले. त्यांनीही नंतर संशोधनासाठी पक्षी मारले आणि ती गरज त्यांनी कधी नाकारली नाही. परंतु किहीमला जे गवसले ते बंदुकीने गवसण्यासारखे नव्हतेच. दहाव्या वर्षी त्यांनी घरट्यापाशी बसलेल्या नराला पाहिले आणि पाडले. चौतिसाव्या वर्षी तशाच नराला पाहिले आणि राहू दिले. या दोन दिवसांमधले अंतर हीच पक्षिनिरीक्षणाची प्रगती.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. हातात पुस्तक, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही, एवढ्या सामग्रीवर सामान्य माणूस आपल्या गावचे पक्षी ओळखू लागला. १९६८ मध्ये पनवेलजवळील कर्नाळ्याचे रान पक्ष्यांसाठी राखले गेले. आज महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पाच तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि बारा तारीख सालिम अलींच्या. त्या आठवड्यात गावोगावच्या टेकड्यांवर आणि तळ्यांकाठी निरीक्षकांचे थवेच्या थवे दिसतात.

मात्र निरीक्षक वाढले, तशी एक नवीच अडचण उभी राहिली. पाहणारे डोळेही घरटे मोडू शकतात. टिटवी माळावर उघड्या जमिनीत चार अंडी घालते. खड्यांच्या रंगाची ती अंडी दोन हातांवरूनही दिसत नाहीत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. अशा वेळी कोणी छायाचित्राच्या मोहाने अर्धा तास तेथे रेंगाळला, तर टिटवी डोक्यावर ओरडत फिरते आणि अंडी उन्हात भाजतात. घरट्यापुढची आड येणारी डहाळी कोणी दूर सारली, की कावळ्याला तीच वाट सापडते. माणसाने अंड्याला स्पर्शही केलेला नसतो, आणि तरी घर बसते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, ती या दृष्टीने मननीय आहे. पक्ष्याची अंडी फोडणे तर शिकारीत येतेच, पण अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे हेही शिकारीतच मोडते. ज्या मातीत १८,५०० अंड्यांचा संग्रह ही विद्वत्ता समजली गेली, तेथेच घरट्याची शांतता मोडणे हा आज अपराध ठरला आहे. म्हणून रानवाटेवरच्या फेरीत जाणता वाटाड्या दोनच गोष्टी निक्षून सांगतो. घरटे दिसले तर लांबूनच पाहावे, आणि पाखरू ओरडू लागले तर ती परत फिरण्याची आज्ञा समजावी. टिटवीची भाषा एवढी कळली, तरी सकाळ सार्थकी लागली.

सुगरणीच्या खोप्यांचे तसे नाही. ते पाण्यावर टांगलेले असल्याने माणूस सहसा जवळ जाऊ शकत नाही. विहिरीच्या अलीकडे एखाद्या झाडाच्या सावलीत बसून त्यांचा संसार खुशाल पाहावा. दिवाळीच्या सुमारास वसाहत ओस पडते आणि गवत पिवळे होते. तरीही त्या जुन्या खोप्यांत कधी कधी हालचाल दिसते. मुनियांची एखादी जोडी सुगरणीने सोडलेल्या घरात आपला संसार थाटीत असते. हे पाहावयाचे, तर खोपा झाडावरच राहिला पाहिजे.